‘लिक्षा नाही, लिक्षा!’

पत्र सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका आईचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात देते आहे.

या ताईंचं माहेर पंढरपूरचं, घरी मराठी. सासर तेलुगू बोलणारं. राहतं घर वर आणि खाली चार लूम, म्हणजे यंत्रमाग. मुलगा दोन वर्षं दहा महिन्यांचा, मोठा बोलघेवडा, पण बोबडा. रिक्षाला ‘लिक्षा’, कपाटाला ‘पकाट’, काकाला ‘ताता’. आजीजवळ गेला की ‘अव्वा, बुव्वा दे’. घरात सगळे हसायचे, ताईही हसायच्या. मग धाकट्या दिरांनी त्याला ‘सोलापूरची चादर’ म्हणायला लावून व्हिडिओ काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तो पुढे पुढे जात राहिला. एका लग्नात ओळख ना पाळख अशी माणसं पोराभोवती जमली आणि ‘म्हण की रे, तोलापुलची तादल म्हण’ असा धोशा लावला. तेव्हापासून, महिना होत आला, मुलगा चारचौघांत तोंड उघडत नाही. काही हवं असलं तर आईच्या कानात सांगतो. त्यातच ज्या शाळेत जूनमध्ये घालायचं आहे तिथल्या बाई म्हणाल्या, ‘दोन भाषांनी गोंधळलाय तो. घरी एकच भाषा बोला, शक्यतो इंग्लिश.’ शेजारीण म्हणते, जिभेवर वेखंड आणि मध चोळा. सासूबाई त्याच्याशी त्याच्यासारखंच बोबडं बोलतात.

ताई विचारतात: चुकला की लगेच सुधारू का? तेलुगू बंद करू का? हसू नका म्हटलं तर घरात मीच शिष्ट ठरेन, मग काय करू? आणि खरं सांगायचं तर तो ‘लिक्षा’ म्हणायचा थांबला की मलाच वाईट वाटेल, हे चुकीचं आहे का?

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो तुम्ही दबकत विचारलाय. वाईट वाटणारच. माझा मुलगा आता चाळिशीला टेकला, तरी आमच्या घरात बटाट्याला अजून ‘टबाटा’च म्हणतात, आणि सुनेनंही तो शब्द उचललाय. मुलाच्या बोबड्या बोलांचा लळा लागणं हा काही दोष नाही. तुम्ही हसलात म्हणूनही काही बिघडलं नाही. मूल आपल्याकडे बघून हसत असेल आणि आपणही हसलो, तर त्याला त्यातून मायाच कळते. लग्नात घडलं ते वेगळं होतं, आणि ते वेगळं का, हे कळायला आधी तुमच्या मुलाच्या कानात काय चाललंय ते पाहू.

एक गोष्ट तुमच्या घरात घडून गेली असेल, आठवून बघा. तो म्हणतो, ‘आई, लिक्षा!’ तुम्ही लाडानं म्हणता, ‘लिक्षा आली का?’ आणि तो चिडतो, ‘लिक्षा नाही, लिक्षा!’ बालवाडीत मी हे इतक्यांदा पाहिलं की मोजदाद नाही. अमेरिकेत जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या दोन अभ्यासकांनी १९६० साली हेच नोंदवून ठेवलं. एका मुलाकडे फुगवायचा प्लॅस्टिकचा मासा होता. माशाला इंग्रजीत ‘फिश’, तो म्हणायचा ‘फिस’. ‘हा तुझा फिस का?’ विचारलं की नाही म्हणायचा. पुन्हा पुन्हा विचारलं तरी नाही. शेवटी ‘हा तुझा फिश का?’ म्हटल्यावर तो म्हणाला, ‘हो, माझा फिस.’

म्हणजे कानाला शब्द पक्का ठाऊक असतो, जिभेला तो अजून पेलत नाही. तुमच्या मुलाला ‘रिक्षा’ माहीत आहे, ‘चादर’ही माहीत आहे. आपण बरोबरच म्हणतोय असं त्याला वाटतं. आता लग्नातला तो घोळका त्याच्या जागी उभं राहून बघा. डझनभर मोठी माणसं त्याच्यावर वाकून काहीतरी वेडंवाकडं बोलताहेत, ‘तोलापुलची तादल’, आणि फिदीफिदी हसताहेत. हे आपलंच बोलणं आहे हे त्याला ओळखू येत नाही. एवढंच कळतं की मी बोललो की हे असं होतं. मग त्यानं बोलणंच बंद केलं. पावणेतीन वर्षांच्या जिवानं याहून शहाणपणाचं दुसरं काय करायचं?

चुका म्हणता, त्यांच्याकडेही एकदा नीट बघा. प, ब, म हे ओठांवरचे आवाज, ते बाळाला आईच्या तोंडावर दिसतातही. म्हणून ते आधी येतात, आणि कितीतरी भाषांत आई-बापांना मारायच्या हाका याच आवाजांच्या असतात. क आणि ग घशाजवळ होतात, दिसत नाहीत. मूल ते पुढे दाताजवळ ओढून आणतं, म्हणून काकाचा ताता आणि गाडीची दाडी. र साठी जिभेचं टोक थरथरावं लागतं. ते जमेपर्यंत शेजारचा ल कामाला येतो. पुस्तकातलं जोडाक्षर जड, म्हणून पुतक. ‘कपाट’मध्ये आधी मागचा क, मग पुढचा प. त्यानं ओठावरचा आधी घेतला आणि पकाट झालं. यात गोंधळ कुठं आहे? सगळं पद्धतशीर चाललंय. बहुतेक मुलांत क, ग चार वर्षांच्या आत जागेवर येतात. र, ळ, ण, श यांना आणि जोडाक्षरांना पाचवं-सहावं वर्ष उजाडलं तरी हरकत नाही.

तो ‘मी बाहेर जालो’, ‘मी करलं’ असंही म्हणत असेल, तुम्ही लिहिलं नाही तरी. घरात कुणीही ‘जालो’ म्हणत नाही, मग हे त्यानं आणलं कुठून? बस-बसलो, झोप-झोपलो, उठ-उठलो, तसं जा-जालो. नियम त्याचा त्यानं शोधला आणि ‘गेलो’ या अपवादाला लावून पाहिला. पोपटाला हे जमत नाही. अशी चूक ऐकली की मला आजही टाळी वाजवावीशी वाटते.

आणि उद्या शाळेत कुणी त्याच्या ‘काय करलालास’ला (म्हणजे ‘काय करतोयस’ला) बोबडं किंवा अशुद्ध म्हटलं, तर तेवढं मनावर घेऊ नका. ते आपल्या गावचं बोलणं आहे, त्याची आजीसुद्धा मराठीत तसंच म्हणत असेल.

आता तेलुगू. बाईंचा हेतू वाईट नसेल, पण हा सल्ला मानू नका. ‘अव्वा, बुव्वा दे’ हे वाक्य परत वाचा. आजीला आजीच्या भाषेतली हाक मारली, जेवण आजीच्या शब्दात मागितलं आणि वाक्य मराठी क्रियापदानं पुरं केलं. तुमच्याकडे तो ‘बुव्वा’ मागतो की ‘मम्मं’? कुणाशी कोणता शब्द वापरायचा हे त्याला कळत असेल, तर गोंधळ झालाय तो ऐकणाऱ्याचा. आमच्या बालवाडीत एक मुलगी सकाळी ‘पालु, पालु’ करून रडत होती, आणि आमच्या मदतनीस बाई झाडू घेऊन भिंतीवर पाल शोधत होत्या. पोरीला दूध हवं होतं. पंढरपूरच्या आजीला ‘बुव्वा’ ऐकून नातू बागुलबुवाला घाबरलाय असं वाटलं, तर त्यांना सांगून टाका की तेलुगूत बाळाच्या भाताला बुव्वा म्हणतात.

दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं किंवा बोबडं राहतं, याला आधार नाही. फक्त शब्द मोजताना दोन्हीकडचे मोजायचे. ‘दूध’ एक, ‘पालु’ दुसरा. तेलुगूत ळ आणि ण दोन्ही आहेत, म्हणजे सासूबाईंच्या बोलण्यातून त्याच्या मराठीच्या जिभेलाही खाऊ मिळतोय. हे गावच असं आहे. साखर पेठेत तेलुगू, पुढच्या गल्लीत कन्नड, विजापूर वेशीत दखनी, आणि बाजारात सगळ्यांची मिळून मराठी. इथली पोरं पिढ्यान् पिढ्या तीन-तीन भाषा बोलत वाढली. आणि घरी ‘शक्यतो इंग्लिश’ म्हणाल, तर मूल भाषा शिकतं ते भरभरून बोलणाऱ्या माणसाकडून. ज्या भाषेत तुम्हाला भाजीवाल्याशी घासाघीस करता येते, तीच त्याच्याशी बोला. तोडक्यामोडक्या इंग्रजीत आई दिवसाला पन्नास वाक्यं बोलेल, मराठीत ती हजार बोलेल. शाळेतलं इंग्रजी शाळेत येईल.

भाषांपेक्षा मला दुसरी एक गोष्ट खटकली, ती तुम्ही येता जाता लिहून गेलात: खाली चार लूम. दिवसभर तो खडखडाट वर येत असणार. अशा आवाजात बोलताना आपण ओरडतो आणि थोडक्यात आटोपतो: ‘ये’, ‘ठेव’, ‘नको’. वर आ, ए, ओ हे स्वर कसेबसे ऐकू जातात, पण स, त, क, प हे बारीक आवाज बुडून जातात. नेमके तेच त्याला शिकायचे आहेत. मागावरच्या घरांतली मुलं मी पाहिली आहेत, ती हुशार असतात, पण तुमच्या ओठांकडे टक लावून बघत बोलणं ऐकतात. तेव्हा लूम बंद असतात ती वेळ त्याच्यासाठी राखून ठेवा. सुट्टीचा दिवस, रात्रीचं जेवण, वीज गेलेली अर्धी दुपार. एरवी लूमपासून लांबच्या खोलीत, त्याच्या उंचीला बसून, तुमचा चेहरा त्याला दिसेल असं बोला. टीव्ही मागे चालू नको. टीव्ही-मोबाइल सगळं मिळून या वयाला दिवसाकाठी तासाच्या वर नको, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ सालीच सांगितलंय, आणि तो तासभरही जवळ बसून, बोलत बोलत बघितलेला बरा.

सुधारायचं का, विचारता. सुधारा, पण त्याला पत्ता लागू न देता. तो खिडकीतून ओरडतो, ‘आई, लिक्षा!’ तुम्ही म्हणा, ‘हो की रे, रिक्षा आली! कुणाची रिक्षा आहे? काकांची रिक्षा?’ शब्द तीनदा कानावर पडला, बरोबर पडला, आणि बोलणंही पुढं सरकलं. ‘असं नाही, रि-क्षा म्हण बघू’ म्हटलंत तर रिक्षा निघून जाते आणि परीक्षा उरते. तो चुकीचंच म्हणाला तरी थांबायचं नाही, त्याला काय सांगायचंय ते पकडायचं. एखादा शब्द मुळीच कळला नाही, तर कळल्याचं सोंग करू नका. ‘मला दाखव, चल’ म्हणून बोट धरा.

सासूबाईंना थांबवू नका, निम्म्यावर वळवा. भुभू, माऊ, मम्मं, जोजो, बाऊ ही बाळबोली मोठ्या माणसांनीच घडवलेली आहे आणि ती मुलांना मदतच करते. शब्द लहान, आवाज दोनदा, सूर वर-खाली, त्यामुळे कान पटकन पकडतो. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांनी १९६४ साली आपल्या मराठी बाळबोलीवर संशोधनपर निबंध लिहिला होता. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकी अभ्यासकानं सहा भाषांमधली बाळबोली शेजारी-शेजारी मांडली, त्यात एक मराठी होती. तुमच्या सासूबाईंचा ‘बुव्वा’ त्याच घराण्यातला, तो राहू दे. फक्त त्याची चूक त्याला परत ऐकवायची नाही. ‘तादल पांघरतोस?’ असं नको, ‘चादर पांघरतोस?’ म्हणायचं, सूर हवा तेवढा लाडाचा ठेवा. त्यांना ‘तुमचं चुकतंय’ म्हणण्यापेक्षा ‘आत्या, त्याला झोपताना तेलुगूत गोष्ट सांगाल का?’ असं विचारा. लूम बंद झाल्यावरची दहा मिनिटं त्यांची.

आता दिरांचं. माझ्या धाकट्या भावाची गोष्ट सांगते. त्याला स म्हणता यायचा नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या जत्रेला, वडिलांच्या खांद्यावर बसून तो ‘छिद्देछल महालाज’ असा जयजयकार करायचा. येईल तो पाहुणा त्याला ते म्हणायला लावायचा आणि वर गोळी द्यायचा. पाचव्या वर्षी त्याला सगळं स्वच्छ म्हणता येत होतं, आम्हा बहिणींशी खेळताना म्हणायचाही. पण पाहुणे आले की परत ‘छिद्देछल’. बोबडं बोललं की आपल्याकडे बघतात, हे तो शिकला होता. शाळेत त्यावरून पोरांनी त्याला असं काही धरलं की दोन वर्षं त्यानं वर्गात हात वर केला नाही. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं, सगळे त्याच्यावर जीव टाकणारे होते. म्हणून दिरांना दोषी ठरवू नका, पण सांगा जरूर. आणि हे तुम्ही एकटीनं सांगायचं नाही. भाऊ त्यांचा आहे, तेव्हा तुमच्या मिस्टरांनी बोलावं, मूल जवळ नसताना. ‘तो आता लोकांसमोर बोलायला घाबरतो. तो व्हिडिओ काढून टाक, ग्रुपवरही सांग. महिना-दोन महिने त्याला कुणीही काही म्हणायला लावायचं नाही.’ एवढं पुरे. नुसतं ‘करू नका’ म्हटलं तर माणूस दुखावतो, म्हणून त्यांना दुसरं काम द्या. सुट्टीच्या दिवशी, लूम बंद असताना, पोराला खाली न्यायचं, कांडी दाखवायची, धोटा दाखवायचा, कोणता दोरा कुठं जातो ते सांगायचं. त्याच्या ताताशी तो तिथं भडाभडा बोलेल. ऐकणारा एकच आणि विषय दोऱ्याचा, तिथं भीती कशाची?

पाहुण्यांपुढे तो कानात बोलला तर कानात बोलू द्या. ‘मोठ्यानं सांग, लाजतोस काय’ नको, आणि त्याच्यादेखत ‘अहो, आता बोलतच नाही बघा’ हेही नको. पाहुण्यांना हसून सांगा, ‘तो त्याच्या वेळेनं बोलेल.’ घरात पहिल्यासारखा बोलत असेल तर हे बुजणं ओसरेल. पण घरातही बोलणं आटलं, किंवा शाळा सुरू होऊन महिना उलटला तरी तिथं अवाक्षर काढलं नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

इतर आयांसाठीही इथंच लिहिते. बाळ वर्षाचं होईतो ‘बाबाबा, दादादा’ असं बडबडत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर वाट बघत बसू नका. ‘आमच्याकडे सगळेच उशिरा बोलले’ यावर विसंबू नका. येत असलेलं बोलणं कोणत्याही वयात गेलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. तिऱ्हाईत माणसाला दोन वर्षांच्या मुलाचं साधारण निम्मं, तीन वर्षांच्याचं बारा आण्याचं आणि चार वर्षांच्याचं जवळपास सगळं कळावं. आणि कान तपासून घ्या, ताई, हे तुम्हालाही लागू आहे. लूम बंद असताना मागून हळू हाक मारा, वळतो का बघा. वारंवार सर्दी होते का, कान फुटतो का, हेही डॉक्टरांना सांगा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलं तपासायला येतं. ते फुकट आहे, आणि गरज पडली तर पुढच्या तपासणीसाठी तेच पाठवतात. स्पीच थेरपिस्टकडे जाणं म्हणजे मुलात खोट आहे असं नव्हे. खूपदा ते आईबापांनाच दोन गोष्टी शिकवून परत पाठवतात.

वेखंड-मध चोळून उच्चार सुधारत नाहीत. खरखरीत मुळी घासून जीभ सोलवटते मात्र. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधाचं बोटही लावू नये, त्यातून होणारी विषबाधा जिवावर बेतू शकते. जीभ खाली चिकटलेली आहे की काय ही शंका असेल, तर ती डॉक्टरांनी बघायची गोष्ट आहे.

र हवाच असेल तर तो खेळात येऊ द्या. जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेत नंदीध्वजाच्या काठ्या निघतील, रस्ताभर ‘बोला हर्र’ होईल, तो खांद्यावरून ‘हल्ल’ म्हणेल. म्हणू द्या. घरी परत येताना तुम्ही रिक्षा होऊन ‘हर्रर्र’ करत जिना चढा, तो मागे येईल.

आणि तुमच्यासाठी, एक वही करा. मोबाइल नको, वहीच, जी पुढे पाठवता येत नाही. डावीकडे त्याचा शब्द, उजवीकडे खरा, खाली तारीख आणि तो कुठं, कुणाला म्हणाला ते. लिक्षा, पकाट, ताता, अव्वा बुव्वा दे. ‘लिक्षा’ची ‘रिक्षा’ होईल तो दिवसही लिहा. पाच-सहा वर्षांचा झाला की एका रात्री तो स्वतःच विचारेल, ‘आई, मी लहान असताना कसा बोलायचो?’ वही तेव्हा उघडा, त्याच्या अव्वालाही शेजारी बसवून.